लिंक रेट ८६६, हातात ६०: वायफाय लिंकवर पोच कुठे अडकते ते शोधणं

लक्षण: गच्चीवरचा रेडिओ लिंक रेट ८६६ एमबीपीएस दाखवतो, सिग्नल उणे ५५ डीबीएम, तरी फाइल उतरते ५०-६० एमबीपीएसने. अँटेना पुन्हा अलाइन केली, चॅनल बदलला, पॉवर वाढवली की दोन दिवस बरं चालतं आणि मग परत तेच. परळच्या टॉवरवरून शिवडीच्या गोदामाला जोडलेली लिंक असो की एकाच सोसायटीतल्या ए आणि बी विंगमधली, तक्रार एकच. तरीही कारणं निदान पाच-सहा वेगवेगळी असतात, आणि पॉवर वाढवणं हा त्यातल्या जवळजवळ कशावरच इलाज नाही. वर शेजारच्या चार इमारतींना त्याचा त्रास होतो तो वेगळा.

बिघाड बहुतेक वेळा डेटा जाण्यात नसतो. गेलेल्या डेटाची पोच परत येण्यात असतो. म्हणून मे महिन्याच्या उन्हात माणूस गच्चीवर चढवण्याआधी खालचा हिशोब समजून घ्या.

५०-६० हा आकडा येतो कुठून

वायफायवर पाठवणारा एकेक खेप पाठवतो आणि समोरून पोच, म्हणजे अ‍ॅक, येईपर्यंत थांबतो. ५ गिगाहर्ट्झवर १५०० बाइटचं एकच पॅकेट ८६६च्या दराने पाठवायला लागणारा वेळ मायक्रोसेकंदात मांडू. चॅनल रिकामा आहे याची खात्री करायला ४३. त्यानंतरचा बॅकऑफ (टक्कर टळावी म्हणून कमी-जास्त थांबणं) सरासरी साडेसात स्लॉट, प्रत्येकी ९, म्हणजे ६७.५. दोन स्ट्रीमच्या (एकाच वेळी जाणाऱ्या दोन धारांच्या) फ्रेमच्या, म्हणजे हवेतल्या खेपेच्या, सुरुवातीची खूण, म्हणजे प्रीअ‍ॅम्बल ४४. प्रत्यक्ष डेटा जेमतेम १६. मग सिफ्सचा विराम १६ आणि २४ एमबीपीएसने येणारी अ‍ॅक २८. एकूण सुमारे २१५. बारा हजार बिट भागिले २१५ मायक्रोसेकंद म्हणजे ५६ एमबीपीएस.

डेटाला १६ आणि सोपस्कारांना १९९. इथे लिंक रेट दुप्पट केला तरी फक्त त्या १६ चे ८ होतील. ‘मोठा रेडिओ घेतला तरी फरक पडला नाही’ याचं कारण हेच.

आता तीच खेप ६४ पॅकेटं एकत्र बांधून पाठवा. डेटाला सुमारे ९१० मायक्रोसेकंद लागतात, आणि ६४ पॅकेटांची मिळून एकच पोच येते. तिला ब्लॉक अ‍ॅक म्हणतात आणि ती ३२ मायक्रोसेकंदात संपते. एकूण साधारण १११२ मायक्रोसेकंद, वेग ६९०. ब्लॉक अ‍ॅक वायफायच्या मानकात आली २००५ च्या ८०२.११ई या आवृत्तीत. ८०२.११एन ने २००९ साली तिला ६४ बिटांचा आटोपशीर नकाशा आणि ए-एमपीडीयूची, म्हणजे अनेक पॅकेटांच्या एका गठ्ठ्याची, जोड दिली. ८०२.११एएक्स मध्ये एका पोचेत २५६ पॅकेटं बसतात.

म्हणून ५०-६० ला चिकटलेली लिंक दिसली की पहिला संशय एकच घ्यायचा: गठ्ठे बांधलेच जात नाहीत, प्रत्येक पॅकेटची वेगळी पोच येते आहे.

आधी मोजमाप नीट करा

इंटरनेटच्या स्पीड टेस्टवरून हे निदान होत नाही. दोन्ही टोकांना रेडिओच्या लॅन पोर्टला लॅपटॉप केबलने जोडा आणि आयपर्फ३ हे वेग मोजायचं साधन चालवा. यूडीपी (पोच न मागणारी पद्धत) एका दिशेने, मग उलट दिशेने. टीसीपी (पोच मागणारी, फाइल उतरवायची नेहमीची पद्धत) एका स्ट्रीमने, मग चार स्ट्रीमनी, तेही दोन्ही दिशांना. प्रत्येक चाचणी ३० सेकंद. एकदा रात्री नऊच्या सुमारास, एकदा पहाटे. हे आकडे वहीत उतरवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्यावर आहे.

दोन आकडे दिसले तर वायरलेसमध्ये हात घालायचं कारण नाही. टीसीपी ९४ च्या आसपास घट्ट थांबत असेल तर इथरनेट १०० एमबीपीएसवर वाटाघाट करतं आहे. गच्चीवरच्या केबलची एखादी जोडी तुटलेली असते किंवा खाऱ्या हवेने आरजे-४५ चे दात हिरवे पडलेले असतात. आणि लिंक रेटच ५४ च्या वर जात नसेल तर बहुधा सुरक्षेत टीकेआयपी किंवा वेप ही जुनी पद्धत राहिली आहे. त्या दोहोंबरोबर ११एन चे दर चालतच नाहीत. डब्ल्यूपीए२ एईएस करा.

गठ्ठे का बांधले जात नाहीत

डब्ल्यूएमएम, म्हणजे वायफायची प्राधान्य ठरवणारी सोय, बंद आहे का ते पाहा. ‘गेमिंगसाठी बंद करा’ असा सल्ला कुणीतरी दिलेला असतो. ब्लॉक अ‍ॅक ही क्यूओएस (प्राधान्याची खूण असलेल्या) फ्रेमवरच चालते. डब्ल्यूएमएम गेलं की एकत्रीकरणही गेलं.

ते सुरू असेल तर दोन्ही रेडिओंमध्ये ब्लॉक अ‍ॅकचा करार होतो आहे का ते तपासा. पाठवणारा अ‍ॅड-बीए विनंती करतो, समोरचा होकार देतो आणि खिडकी किती पॅकेटांची ते ठरतं. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या लिनक्सवर किंवा साध्या लिनक्सवर डीबग फाइल्समध्ये प्रत्येक स्टेशनच्या नावाखाली एजीजी-स्टेटस नावाची फाइल असते. तिच्यात कोणत्या वर्गाचा करार सुरू आहे ते दिसतं. करार सारखा मोडून परत होत असेल, म्हणजे डेल-बीए फ्रेम वारंवार दिसत असतील, तर दोन्ही टोकांचं फर्मवेअर जुळवून घ्या. एका टोकाचं नवं आणि दुसऱ्याचं तीन वर्षांपूर्वीचं, ही जोडी इथे फार सतावते.

आता सहसा कुणी न तपासणारी जागा. पॅकेटवरच्या डीएससीपी या प्राधान्याच्या खुणेवरून वायफाय त्याचा वर्ग ठरवतं: पहिले तीन बिट वाचतं आणि आवाज, व्हिडिओ, सामान्य किंवा दुय्यम अशा रांगेत टाकतं. वरच्या राउटरने किंवा सेवादात्याच्या नेटवर्कने सगळ्या ट्रॅफिकला सीएस६ किंवा सीएस७ ची खूण लावली असेल तर साधी फाइलही आवाजाच्या रांगेत जाते. आवाजाच्या रांगेत लिनक्सचं नेहमीचं दर-नियंत्रण गठ्ठेच बांधत नाही, कारण तिथे उशीर नको असतो. लिंक ८६६, सिग्नल उत्तम, वेग ६०. उपाय दोन मिनिटांचा आहे: राउटरवर बाहेरून येणाऱ्या पॅकेटची डीएससीपी खूण शून्य करा आणि फक्त आपल्या आयपी फोनच्या ट्रॅफिकला खूण ठेवा. उलट बाजूने सीएस१ ची खूण आली तर सगळं दुय्यम रांगेत बसतं आणि गर्दीच्या वेळी पार मागे पडतं.

अंतर: पोच येते, पण उशिरा

रेडिओलहरी एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातात. ४ किलोमीटरच्या लिंकवर जाऊन-येऊन २६.७ मायक्रोसेकंद लागतात. घरातल्या वापरासाठी ठरवलेल्या अ‍ॅक टाइमआउटमध्ये एवढी सवड नसते. पाठवणारा वाट पाहून सोडून देतो आणि तीच खेप पुन्हा पाठवतो, तेवढ्यात पहिलीची पोच वाटेतच असते.

ओळखायची खूण पक्की आहे. पाठवणाऱ्याकडे रिट्राय प्रचंड, आणि घेणाऱ्याकडे डुप्लिकेट पॅकेटांचा आकडा तितकाच वाढता. डेटा हरवला असता तर डुप्लिकेट वाढले नसते. ते वाढतात म्हणजे माल पोचतो आहे, पावती पोचत नाही. लिनक्समध्ये इथटूलच्या आकडेवारीत आरएक्स-डुप्लिकेट्स ही ओळ पाहा. काही चिपमध्ये हे काम फर्मवेअरच करतं, तिथे आकडा शून्यच राहतो. मग पुढे सांगितल्याप्रमाणे फ्रेम पकडून पाहावं लागतं.

ओपनडब्ल्यूआरटीमध्ये रेडिओच्या सेटिंगमध्ये ‘डिस्टन्स’ मीटरमध्ये लिहितात. ४ किलोमीटरला ४०००. आत त्याचं ४५० मीटरच्या पायऱ्यांत रूपांतर होतं, प्रत्येक पायरीला ३ मायक्रोसेकंद. म्हणजे ९ पायऱ्या, २७ मायक्रोसेकंद. नकाशावर मोजलेल्या अंतरात शे-दोनशे मीटर जास्त धरा, कमी कधीच नको. ऑटो पर्याय असेल तर लिंक बसेपर्यंत ठीक. नंतर आकडा हाताने कायम करा, कारण गोंगाटात ऑटोचा अंदाज हलत राहतो. मायक्रोटिकच्या रेडिओवर ८०२.११ पद्धतीत या ऑटोला ‘डायनॅमिक’ म्हणतात, आणि एनव्ही२ वापरत असाल तर सेल रेडियस पाहा. एनव्ही२ किंवा एअरमॅक्स यांसारख्या कंपन्यांच्या स्वतःच्या पद्धतींत वेळेचे हप्ते ठरलेले असतात, बॅकऑफची शर्यत नसते. दोन्ही टोकं एकाच कंपनीची असतील आणि अंतर ३-४ किलोमीटरच्या पुढे असेल तर त्या वापराव्यात असं आमचं स्पष्ट मत आहे.

उलटी चूकही तितकीच आढळते. वसईकडच्या १० किलोमीटरच्या लिंकवरून उतरवलेला रेडिओ दोन विंगांमध्ये ६० मीटरवर लावतात आणि अंतर तसंच राहून जातं. १० किलोमीटरच्या २३ पायऱ्या म्हणजे ६९ मायक्रोसेकंद. काही ड्रायव्हर हे स्लॉटमध्येही मिळवतात, म्हणजे ९ चा स्लॉट ७८ चा होतो आणि सरासरी बॅकऑफ ६७.५ वरून ५८५ वर जातो. तेवढ्या वेळात शेजारचा प्रत्येक राउटर आधी बोलून घेतो. जुना रेडिओ नव्या जागी लावताना फॅक्टरी रीसेट करा.

ब्लॉक अ‍ॅकचा नकाशा वाचायला शिका

वरचं सगळं ठीक असूनही वेग २०० ते ४०० मध्ये डोलत असेल तर फ्रेम पकडल्याशिवाय गत्यंतर नाही. मॉनिटर मोड (हवेतल्या सगळ्या फ्रेम ऐकणं) चालणारं यूएसबी वायफाय कार्ड आणि त्या फ्रेम वाचणारं वायरशार्क एवढं पुरतं. कार्ड महाग नको. ८० मेगाहर्ट्झचा डेटा जुन्या कार्डाला उलगडणार नाही, पण ब्लॉक अ‍ॅक जुन्या २० मेगाहर्ट्झच्या पद्धतीनेच येते, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर मिळणारं साधं ५ गिगाहर्ट्झचं कार्डही ती ऐकतं. लॅपटॉप पाठवणाऱ्या रेडिओजवळ ठेवा. त्या टोकाला काय ऐकू येतं हेच आपल्याला हवं आहे. दूरच्या रेडिओची पोच कार्डाच्या छोट्या अँटेनाला मिळत नसेल तर पॅनेल अँटेना जोडून त्याच दिशेला वळवा.

प्रत्येक ब्लॉक अ‍ॅकमध्ये सुरुवातीचा क्रमांक आणि ६४ बिटांचा नकाशा असतो. १ म्हणजे मिळालं, ० म्हणजे नाही. एक खबरदारी घ्या: गठ्ठ्यात २० च पॅकेटं असतील तर उरलेले ४४ बिट शून्यच असणार, तो दोष नव्हे. पुढच्या गठ्ठ्यात कोणते क्रमांक परत गेले ते जोडीने पाहा.

शून्यं विखुरलेली असतील तर एमसीएस, म्हणजे डेटा किती दाट भरायचा त्याची पायरी, झेपत नाही. कमाल एमसीएस एक-दोन पायऱ्यांनी खाली बांधा. लिंक रेट कमी दिसेल, वेग वाढेल.

शून्यं गठ्ठ्याच्या शेवटाकडे गोळा होत असतील तर रेडिओने सुरुवातीला घेतलेला चॅनलचा अंदाज शेवटापर्यंत टिकत नाही. वाऱ्यात हलणारा जीआय पाइप हे मुंबईतलं नेहमीचं कारण, आणि जून-जुलैत ते उघडं पडतं. पाइपला ताण-तारा द्या, क्लॅम्प दोन करा. ते होईपर्यंत गठ्ठ्याची कमाल लांबी निम्मी करा. ८०२.११एसी मध्ये एक फ्रेम ५.४८४ मिलिसेकंदांपर्यंत लांबू शकते. हलत्या खांबावर १ ते २ मिलिसेकंद पुरे.

शून्यांचा सलग पट्टा मध्येच सुरू होत असेल, तर कुणीतरी मधूनच बोलायला लागलं आहे. हा लपलेला नोड. तिसाव्या मजल्यावरच्या रेडिओला अर्धं शहर ऐकू येतं. चार मजली गोदामावरच्या रेडिओला त्यातलं काहीच नाही. गोदामाला चॅनल रिकामा वाटतो, ते बोलतं, आणि टॉवरच्या कानात त्याच क्षणी दुसरं कुणी ओरडत असतं. इथे आरटीएस-सीटीएस, म्हणजे आधी परवानगी मागून मगच खेप पाठवणं, सुरू करा. आरटीएस थ्रेशोल्ड २३४७ असेल तर ते बंद आहे असं समजा, ५०० ठेवा. खर्च: आरटीएस २८, सीटीएस २८, दोन सिफ्स ३२, मिळून ८८ मायक्रोसेकंद. वरच्या ६४ च्या गठ्ठ्यावर वेग ६९० चा ६४० होतो. त्या बदल्यात आख्खी मिलिसेकंदाची खेप फुकट जाणं थांबतं. गठ्ठे बांधले जात नसलेल्या लिंकवर मात्र हाच उपाय महागात पडतो, म्हणून आधी गठ्ठ्यांचं काम.

ब्लॉक अ‍ॅक अजिबात येतच नसेल आणि अंतराची सेटिंग बरोबर असेल, तर पाठवणाऱ्या टोकाचा गोंगाट पाहा. चॅनल निवडताना सर्व्हे टॉवरच्या टोकाला करा. सगळे खालच्या टोकाला करतात, कारण तिथे पोचणं सोपं असतं, आणि तिथे सगळेच चॅनल स्वच्छ दिसतात. टॉवरला अरुंद झोताची, जास्त गेनची डिश लावा. २०१८ पासून आपल्याकडे ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त आहेत. सगळ्यांनी चॅनल १४९ वरच गर्दी करायची गरज नाही. ५६०० ते ५६५० च्या आसपास मात्र जपून: तो पट्टा सी-बँड हवामान रडारांचा मानला जातो आणि अंधेरीत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार आहे. रडार ऐकलं की रेडिओ चॅनल सोडतो आणि नवा डीएफएस चॅनल (जिथे आधी रडारसाठी कान द्यावा लागतो) धरला तर निदान ६० सेकंद नुसता ऐकत बसतो. तो पूर्ण खंड असतो, मंद वेग नव्हे.

आणखी एक खूण: पिंग ३-४ मिलिसेकंद चालू असताना मधूनच शंभराच्या आसपास उडी मारतो. एक पॅकेट हरवलं की घेणारा त्याच्या मागची सगळी रोखून धरतो, क्रम लागावा म्हणून. लिनक्समध्ये ही रोखून धरण्याची मुदत १०० मिलिसेकंद आहे. अशा उड्या म्हणजे नकाशातलं भोक वेळेत भरलं जात नाही.

पोच किती वेगाने येते

पोच डेटाच्या दराने येत नाही; बेसिक रेटच्या, म्हणजे लिंकवरच्या सगळ्यांना यावेच लागतात अशा दरांच्या, यादीतला डेटाहून वर नसलेला सर्वांत मोठा दर तिला मिळतो. यादीत फक्त ६ असेल तर ब्लॉक अ‍ॅकला ३२ ऐवजी ६८ मायक्रोसेकंद लागतात. ६, १२ आणि २४ हे तिन्ही बेसिकमध्ये ठेवा. सिग्नल उणे ७४ डीबीएमच्या खाली असेल तर २४ काढून १२ वर थांबा, नाहीतर पोचच ऐकू येणार नाही. २.४ गिगाहर्ट्झवर ११बी चे दर बंद करा.

खाडीवरची लिंक आणि भरती-ओहोटी

मानखुर्दकडून वाशीकडे किंवा गोराईच्या खाडीवर टाकलेली लिंक दिवसात ठरावीक वेळा झोपते, आणि ती वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हे दिसलं की सेटिंगला हात लावू नका, भरतीचं वेळापत्रक उघडा. पाण्यावरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीला कधी साथ देते, कधी खोडते. दोन्ही अँटेना पाण्यापासून ३० मीटरवर आणि अंतर ४ किलोमीटर असेल तर दोन वाटांतला फरक ४५ सेंटिमीटर. ओहोटीला पाणी ४ मीटर उतरलं की तो जवळजवळ ५८ होतो. ५.५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ५.५ सेंटिमीटरच्या आत आहे, म्हणजे एका ओहोटीत लिंक दोनदा तरी खड्ड्यातून जाते. उधाणाच्या दिवसांत जास्त, भांगाच्या दिवसांत कमी. त्या वेळी ब्लॉक अ‍ॅकचे नकाशे विखुरलेल्या शून्यांनी भरतात.

परावर्तनाचा बिंदू पाण्याऐवजी तिवरांवर किंवा जमिनीवर पडेल अशी जागा निवडा. झाडी लहर विस्कटून टाकते. ते जमत नसेल तर एका टोकाची अँटेना खाली आणा: दोन वाटांतला फरक उंचींच्या गुणाकारावर अवलंबून असतो, उंची निम्मी झाली की खड्ड्यांची संख्याही घटते. फ्रेनेल झोन, म्हणजे दोन अँटेनांमधल्या थेट रेषेभोवतीचा पट्टा, मोकळा राहतो ना तेवढं पाहा. पाऊस या पट्ट्यात विशेष आड येत नाही. पावसात लिंक बसली तर पिगटेलमध्ये, म्हणजे रेडिओ आणि अँटेना जोडणाऱ्या छोट्या केबलमध्ये, पाणी शिरलंय का ते बघा. तेव्हा एक चेन (रेडिओचा एका अँटेनाकडचा मार्ग) दुसरीपेक्षा ८-१० डीबीने खाली दिसते.

यूडीपी ६००, टीसीपी २००

इथे वायफायची पोच ठीक आहे, टीसीपीची अडकते आहे. टीसीपी साधारण दर दोन पॅकेटांना एक पोच परत पाठवतं. ५०० एमबीपीएसच्या डाउनलोडला सेकंदाला सुमारे २१ हजार पोचा, प्रत्येकी ५२ बाइटच्या. बिटांत ते ९ एमबीपीएससुद्धा नाही, पण हवेत त्यांना वेगळी पाळी घ्यावी लागते आणि त्या डेटाशीच स्पर्धा करतात. दुपारी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जायला लागलं की या पोचा त्याच रांगेत मागे उभ्या राहतात आणि डाउनलोड कोसळतो.

चार स्ट्रीमनी वेग बराच वाढत असेल तर टीसीपी बफर किंवा पिंगच्या उड्या तपासा. वाढत नसेल तर अपलोडच्या टोकाला केक ही लिनक्सची रांग-व्यवस्था लावा, मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्क्यांवर मर्यादा ठेवा. लिनक्स ४.१९ पासून केकमध्ये अ‍ॅक-फिल्टर आहे: रांगेत एकाच जोडणीच्या नव्या पोचेने जुनी निरर्थक झाली असेल तर ती तो काढून टाकतो. डाउनलोड अपलोडच्या दहापट किंवा अधिक असेल तिथे त्याचा खरा उपयोग. समान वेगाच्या लिंकवर तो बंदच बरा, आणि ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ पर्याय लावू नका.

काही रेडिओंत ‘नो अ‍ॅक’ नावाचा पर्याय असतो आणि यूडीपी चाचणीत तो लावताच आकडा वाढतो. लावू नका. मग हवेत हरवलेलं प्रत्येक पॅकेट थेट टीसीपीच्या वाट्याला येतं, टीसीपी त्याला गर्दी समजून वेग एकदम कमी करतं, आणि कॅमेऱ्याचं चित्र तुटायला लागतं. आधीच लावलेला असेल तर काढून, वहीतल्या त्याच चाचण्या त्याच क्रमाने पुन्हा करा.